जमीन कशासाठी घेता?

मुदखेड हे जंक्शनचे गाव. येथून एक लोहमार्ग निजामाबादकडे पुढे जातो आणि दुसरा आदिलाबादकडे फुटतो. नांदेड शहर अगदी जवळ, गावालगत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र, आणि भोवताली फुलांचे मळे. गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा! पहाटे तोडलेली ही फुले नांदेडच्या आणि हैदराबादच्या बाजारात जातात आणि या तालुक्यातील कितीतरी घरांच्या चुली त्यांवर पेटतात. अलीकडे या मळ्यांच्या मधून मुरमाचे रस्ते निघू लागले आहेत. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड रोवलेले दिसतात आणि कोपऱ्यावर 'सुलभ हप्त्यांत प्लॉट' असा फलक असतो. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून असे फलक पाहणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

वाचकहो, हे चित्र केवळ मुदखेडचे नाही. भोकर, अर्धापूर, उदगीर, अहमदपूर, कोठेही हेच दिसेल. आणि या फलकांसमोर थांबणाऱ्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने असतात, याला कारण आहे. व्याज निषिद्ध आहे हे मनात पक्के असलेला माणूस मुदत ठेवीत पैसा ठेवत नाही. विम्याविषयी त्याला शंका असते, शेअर बाजार त्याला जुगारासारखा भासतो. मग आखाती देशात घाम गाळून पाठवलेले पैसे, निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम, दुकानातून किंवा भिशीतून साठलेली पुंजी ठेवायची कोठे? सोने आणि जमीन, एवढेच दोन मार्ग त्याला स्वच्छ वाटतात. त्यातही जमीन चोरीला जात नाही, ही समजूत दृढ आहे. (ती किती कच्ची आहे हे पुढे येईलच.) व्याजापासून दूर राहण्याची ही धडपड प्रशंसनीय आहे. परंतु व्याज नाही म्हणजे व्यवहार हलाल झाला, असे समजून आपण पुढील सर्व प्रश्न सोडून देतो, आणि नेमके तेच प्रश्न महत्त्वाचे आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्थावर मालमत्ता घेणे-विकणे ही काही दुनियादारीची हीन गोष्ट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक काम जमिनीच्या खरेदीचे होते. ज्या जागेवर मस्जिद-ए-नबवी उभी राहायची होती, ती जागा दोन अनाथ मुलांची होती. ती विनामूल्य देऊ केली गेली. प्रेषितांनी (स.) ती तशी स्वीकारली नाही, किंमत देऊन घेतली. मस्जिदीसारखे पवित्र कारण, समोर राजीखुशीने देणारे लोक, आणि तरीही मोबदला चुकता केला गेला, कारण मालक अनाथ होते. जमिनीच्या व्यवहाराचा याहून वरचा नमुना कोणता सांगावा? इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात असेही एक कथन आहे की जो घर विकतो आणि ती रक्कम पुन्हा तशाच मालमत्तेत घालत नाही, त्याच्या त्या पैशात बरकत राहत नाही. म्हणजे घर-जमीन राखावी, पैसा उधळू नये, असा कल तेथेही दिसतो.

तर मग प्रश्न कोणता? प्रश्न असा की आपण जमीन कशासाठी घेतो, आणि तिच्यातून जो नफा होणार तो कोठून येणार?

फुलांच्या मळ्याचा मालक कमावतो तो मातीतून, पाण्यातून आणि पहाटेच्या कष्टातून. घर बांधून भाड्याने देणारा कमावतो तो कुणाला तरी छप्पर देऊन. पण दोन गुंठे घेऊन, चार दगड रोवून, दहा वर्षे वाट पाहणारा कशातून कमावतो? त्याने त्या जमिनीला काहीच दिलेले नसते. रस्ता शासनाने केला, वस्ती दुसऱ्यांनी वाढवली, आणि शेवटी ज्याला घराची निकड आहे तो अधिक किंमत मोजतो. याला हराम म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि कोणत्याही फिक्हच्या ग्रंथात स्वस्त घेऊन महाग विकणे निषिद्ध ठरवलेले नाही. किमती नियत करण्यास खुद्द प्रेषितांनी (स.) नकार दिला होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हलालच्या कक्षेतही दर्जे असतात, आणि वाट पाहून मिळवलेला नफा हा कष्टाच्या नफ्याच्या पंक्तीत बसत नाही, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

या बाबतीत हजरत उमर (रजि.) यांचा एक निर्णय आपल्या डोळ्यांसमोर सतत असावा. प्रेषितांनी (स.) बिलाल बिन हारिस मुजनी (रजि.) यांना मदीनेजवळील अकीकच्या खोऱ्यात विस्तीर्ण जमीन दिली होती. पुढे हजरत उमर (रजि.) खलीफा झाल्यावर त्यांनी बिलाल (रजि.) यांना विचारले की यातील किती जमीन तुम्ही कसू शकता? जेवढी कसता येते तेवढी ठेवा, उरलेली मुसलमानांमध्ये वाटली जाईल. देणारे स्वतः प्रेषित (स.) होते, तरी पडीक भाग परत घेतला गेला. तसेच ओसाड जमिनीभोवती दगड रचून हक्क सांगणाऱ्याला त्यांनी तीन वर्षांची मुदत घातली होती. तेवढ्या काळात ती आबाद केली नाही तर हक्क संपला. इमाम अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज'मध्ये या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे.

येथे कोणी म्हणेल की तो न्याय शासनाने बहाल केलेल्या जमिनीचा आहे, पैसे मोजून घेतलेल्या जमिनीचा नव्हे. हे अगदी खरे. विकत घेतलेला प्लॉट तीन वर्षे पडून राहिला म्हणून तो कोणी काढून घेणार नाही, शरीअतही घेणार नाही. परंतु दगड रचल्याने माणूस जमिनीशी जोडला जात नाही, आबाद केल्याने जोडला जातो, ही जी दृष्टी त्या निर्णयामागे आहे ती आपल्याही मनाला लागू होते. मुदखेडच्या शिवारातील उदाहरण घ्या. ज्या अर्ध्या एकरात काकडा फुलत होता, तो मोडून वीस भाग पाडले गेले. प्लॉट घेणारे कुणी नांदेडचे, कुणी हैदराबादचे, कुणी दुबईत. घर बांधले एकाने किंवा दोघांनी. उरलेल्या जागेत वेड्या बाभळी वाढल्या. फुले तोडणाऱ्या बायकांची रोजंदारी गेली आणि घरही कुणाला मिळाले नाही. प्रत्येक प्लॉटधारक आपल्या जागी निर्दोष आहे, आणि तरीही तेथे एक नुकसान उभे आहे, ज्याचा मालक कोणी नाही.

साठेबाजीचा निषेध सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. बहुतेक विद्वानांनी तो धान्य-अन्नापुरता मानला. इमाम अबू यूसुफ यांनी मात्र, ज्या वस्तूचा साठा लोकांना अपाय करतो ती प्रत्येक वस्तू त्यात धरली. ज्या लहान गावात भाड्याच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे एकाच घराच्या नावावर बारा प्लॉट पडून असतील तर अबू यूसुफ यांचे मत आपल्या दाराशी येऊन उभे राहते. मुलीच्या किंवा मुलाच्या घरासाठी घेतलेल्या एका प्लॉटची ही गोष्ट नाही. तो जरूर घ्यावा, आणि त्याविषयी मनात खंत बाळगू नये.

आता 'सुरुवात कशी करावी' हे सांगणाऱ्यांकडे वळू. तरुणांना आज सर्वाधिक भुरळ पडते ती भांडवलाविना धंद्याची. पद्धत अशी: शेतकऱ्याला थोडा इसार द्यायचा, सहा महिन्यांची मुदत घ्यायची, इसार पावती खिशात घालून त्याच जमिनीला वाढीव दराचे गिऱ्हाईक शोधायचे आणि खरेदीखत थेट तिसऱ्याच्या नावे करून मधला फरक आपण ठेवायचा. गिऱ्हाईक मिळाले नाही तर मुदत वाढवून घ्यायची, किंवा शेतकऱ्याला टांगणीला लावायचे.

हकीम बिन हिजाम (रजि.) हे मक्केचे मुरब्बी व्यापारी. त्यांनी प्रेषितांना (स.) नेमका हाच प्रश्न विचारला होता: गिऱ्हाईक माझ्याकडे येते, मागितलेली वस्तू माझ्याजवळ नसते, ती मी त्याला विकून मग बाजारातून आणून द्यावी काय? उत्तर मिळाले की जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस. जमिनीच्या बाबतीत इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ यांनी एक सवलत दिली आहे. जमीन नष्ट होण्याचे भय नसल्याने, खरेदी पूर्ण झाली असेल तर प्रत्यक्ष ताबा घेण्याआधीही ती पुढे विकता येते. इमाम मुहम्मद आणि इमाम शाफई यांना हेही मान्य नाही. या मतभेदाचा आधार घेऊन इसार पावतीचा व्यापार समर्थिला जातो, तो मात्र फसवा आहे. इसार म्हणजे खरेदी नव्हे, खरेदीचा वायदा आहे. ज्या दोन इमामांनी सवलत दिली, त्यांनीही ती मालक झालेल्याला दिली आहे, मालक होऊ पाहणाऱ्याला नाही. दलाल म्हणून काम करायचे असेल तर उघडपणे दलाल व्हावे. दोन्ही बाजूंना आपला मेहनताना सांगावा आणि तो घ्यावा. त्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते शेतकऱ्याला एक भाव आणि गिऱ्हाइकाला दुसरा भाव सांगून दोघांच्या मध्ये अंधार राखणे. आपलाच माणूस खोटे गिऱ्हाईक म्हणून उभा करून भाव चढवणे, याला तर हदीसमध्ये 'नज्श' असे नाव आहे आणि त्याची मनाई स्पष्ट आहे.

याच हकीम (रजि.) यांच्याकडून ती प्रसिद्ध हदीसही आली आहे की घेणारा आणि विकणारा खरे बोलले आणि दोष उघड केला तर दोघांच्या व्यवहारात बरकत होते, लपवले तर ती पुसली जाते. आपल्याकडच्या प्लॉटिंगमध्ये काय लपवले जाते? पुष्कळदा मुळातली गोष्टच. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे करून विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रतिबंध केला. त्यात वेळोवेळी सवलती आणि दुरुस्त्या झाल्या, तरी अकृषिक परवानगी नसलेल्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्या म्हणून प्लॉट तयार होत नाही. मग बॉन्ड पेपरवर, नोटरीसमोर, किंवा अनेकांच्या नावे सामाईक खरेदी दाखवून व्यवहार उरकले जातात. घेणाऱ्याला एका गुंठ्याचे, म्हणजे १०८९ चौरस फुटांचे स्वप्न विकले जाते, पण सातबाऱ्यावर त्याचे स्वतंत्र नाव लागत नाही. तोच तुकडा दुसऱ्यालाही विकलेला असू शकतो. फिक्हचे ग्रंथ अनिश्चिततेच्या विक्रीला, म्हणजे 'गरर'ला, पाण्यातल्या माशाचे आणि आकाशातल्या पक्ष्याचे उदाहरण देतात. अशा कागदावरचा प्लॉट आणि आकाशातला पक्षी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन आणि मोठा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी हे पाहणे म्हणजे विकणाऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. नमाज-रोजाविषयी नाही. 'आपल्याच जमातीचा माणूस आहे, कागद कशाला?' हे वाक्य आपल्या वस्त्यांत जितके घात करून गेले, तितके परक्यांनीही केले नसतील. आणि विकणारा दाढी राखून, सलाम करून, मस्जिदीच्या पायरीवर सौदा ठरवत असेल तर त्याच्यावरची जबाबदारी वाढते, घेणाऱ्याची तपासणी कमी होत नाही.

कागद पाहताना दोन नोंदींकडे आपण मुसलमान म्हणून अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

एक, बहिणींची. जमीन विकणाऱ्या भावांनी वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींकडून हक्कसोड पत्र करून घेतलेले असते. ते कसे झाले हे कुणी विचारत नाही. माहेर तुटेल या भीतीने ठेवलेला अंगठा म्हणजे राजीखुशी नव्हे. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळलेली आहे, याची काही भाऊ मोठ्या हुशारीने आठवण करून देतात. पण सूरह अन्-निसामध्ये जे वाटे ठरवून दिले आहेत ते शेत आणि घर असा भेद करत नाहीत, आणि संपत्ती थोडी असो वा फार, स्त्रियांचा वाटा त्यात आहेच, असे तेथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. इतर वेळी शरीअतचा आग्रह धरणाऱ्याने एवढ्याच बाबतीत कायद्याच्या आडोशाला जावे, हे शोभत नाही. तुम्ही त्या भावांकडून जमीन घेत असाल तर एकदा त्या बहिणीला स्वतः भेटा, निदान घरातील स्त्रियांना पाठवा. सौदा मोडला तरी चालेल. एक वीत जमीन जरी जुलमाने बळकावली तरी सात जमिनींचे जोखड गळ्यात पडेल, हा इशारा बुखारी आणि मुस्लिम दोहोंत आहे.

दुसरी नोंद वक्फची. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मस्जिद, दर्गाह, कब्रस्तान यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी येथे गावोगाव आहेत. इमाम, मुजावर किंवा मुतवल्ली यांच्या पूर्वजांना त्या सेवेच्या बदल्यात उपभोगासाठी मिळाल्या होत्या, विकण्यासाठी नव्हे. पिढ्या उलटल्या, कागदांवर नावे चढली, आणि आता त्यांच्यावरही प्लॉटिंग होते. वक्फ मालमत्तेची विक्री २०१३ च्या दुरुस्तीने आरंभापासूनच निरर्थक ठरवली. पण आपल्यासाठी मूळ दाखला त्याहून जुना आहे. खैबरची उत्तम जमीन हाती आली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला घेतला, आणि मूळ जमीन अडवून ठेवावी व तिचे उत्पन्न गरजूंवर खर्च व्हावे, असे ठरले. ती ना विकली जाणार होती, ना दान दिली जाणार, ना वारशात जाणार. मेलेल्यांनी अल्लाहच्या नावे सोडलेली जमीन स्वस्तात मिळते म्हणून घेणारा मुसलमान, वक्फवर बाहेरून होणाऱ्या अन्यायाविरुद्ध घोषणा देतो तेव्हा त्याचा आवाज कोणत्या तोंडाने उमटतो?

कर्जाविषयी थोडक्यात. हप्त्याने घेणे वैध आहे. रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव वेगळा असला तरी बहुसंख्य विद्वानांच्या मते तो चालतो, मात्र सौदा ठरतानाच एकच भाव निश्चित झाला पाहिजे आणि हप्ता चुकल्यावर दंड म्हणून रक्कम वाढता कामा नये. खरेदीखतात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम पिशवीतून देणे ही मात्र सरळ खोटी नोंद आहे आणि त्यावर सही करणारे दोन साक्षीदारही तीत सामील आहेत. 'सगळेच करतात' एवढाच याचा बचाव असतो. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

त्यापेक्षा शेजाऱ्याविषयी लिहावेसे वाटते, कारण हा विषय आपल्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसाच झाला आहे. विक्रीच्या वेळी सामाईक हिस्सेदाराचा, आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्याचाही अग्रहक्क असतो. याला 'शुफआ' म्हणतात. सहीह बुखारीमध्ये अबू राफे (रजि.) यांची हकीकत आहे. त्यांच्या दोन खोल्या साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. साद (रजि.) चार हजार दिरहमांपेक्षा अधिक द्यायला तयार नव्हते, तेही हप्त्यांनी. बाहेरून पाचशे दीनार रोख देणारा उभा होता. तरी अबू राफे (रजि.) यांनी त्या साद (रजि.) यांनाच दिल्या, कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला विक्रीची बातमी चुन्याचे दगड पडल्यावर कळते. त्याच्या मळ्याकडे जाणारी वाट, त्याच्या पाटाचे पाणी, सारे रेखांकनात हरवून जाते. जमिनीत उतरणाऱ्या तरुणाने इसार देण्याआधी बांधापलीकडच्या माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, एकदा विचारले तर पुढचे कितीतरी तंटे तहसीलपर्यंत जाणारच नाहीत.

हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याविषयी इतिहासकारांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. मक्केतील 'दारुन्नदवा', म्हणजे कुरैशांच्या सल्लामसलतीचे घर, त्यांच्या मालकीचे होते. इस्लामपूर्व काळात त्यांनी ते अगदी क्षुल्लक मोबदल्यात घेतले होते. पुढे अमीर मुआविया (रजि.) यांना ते एक लाख दिरहमांना विकले. कुरैशांची प्रतिष्ठा विकलीत, असा टोमणा ऐकावा लागला, तेव्हा आता प्रतिष्ठा तकव्याखेरीज कशातच उरली नाही, असे त्यांनी उत्तर दिले आणि ती सगळी रक्कम अल्लाहच्या मार्गात वाटून टाकली. सगळा नफा वाटा असे शरीअत आपल्याला सांगत नाही. ती चाळीसावा भाग मागते, आणि प्लॉट घेणाऱ्यांची खरी अडचण येथेच सुरू होते.

घर बांधण्यासाठी घेतलेल्या जमिनीवर जकात नाही. भाड्याच्या घरावर नाही, भाड्यातून साठलेल्या रकमेवर आहे. पण पुन्हा विकण्याच्या नियतीने घेतलेला प्लॉट हा व्यापारी माल आहे. दरवर्षी त्या दिवशीच्या बाजारभावाने, खरेदीच्या भावाने नव्हे, अडीच टक्के जकात निघते. वीस लाखांचा प्लॉट असेल तर वर्षाला पन्नास हजार. इमाम मालिक यांचे मत वेगळे आहे. भाव चढेपर्यंत माल राखून ठेवणाऱ्याने विक्री झाल्यावर एकाच वर्षाची जकात द्यावी, असे ते म्हणतात. आपल्या भागात हनफी मतानुसार चालणारे बहुसंख्य आहेत. त्यांनी जकात आली की तेवढ्यापुरते मालिकी व्हावे, हे योग्य नव्हे. हातात रोकड नसेल तर आपल्या आलिमांना विचारून हिशेब लिहून ठेवावा आणि विक्रीच्या वेळी मागील सर्व वर्षांची जकात एकदम फेडावी.

प्लॉट घेतला तेव्हा नियत काय होती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. घरासाठी घेतलेला प्लॉट पुढे विकण्याचे केवळ मनात आले तर तो लगेच व्यापारी माल होत नाही. प्रत्यक्ष विक्री झाल्यावर त्या रकमेचा हिशेब सुरू होतो. उलट विक्रीसाठी घेतलेल्या प्लॉटवर स्वतःचे घर बांधायचे असे मनापासून ठरवले तर त्या नियतीबरोबरच पुढील जकात थांबते. मुदखेडच्या रस्त्याकडेला असे अनेक प्लॉट आहेत, जे शाबानअखेरपर्यंत विक्रीसाठी असतात, रमजानचा चंद्र दिसला की मुलाच्या घरासाठी होतात, आणि ईद झाल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा गिऱ्हाईक शोधले जाते.